एक्केचाळीस पावलं

तेहेतीस

“आधी बोंबील उतरवू दे. मग पाड.”

केसर जेसीबीच्या दातांसमोर उभी होती. दात वर हवेत थांबलेले. चालवणारा म्हसळ्याचा होता, तोंडाला रुमाल बांधलेला. त्याने तलाठ्याकडे पाहिलं. तलाठ्याने घड्याळाकडे.

“काकी, अर्धा तास,” तलाठी म्हणाला. “त्याच्या वर मला थांबता येणार नाही.”

बांबूच्या वलांडीवर चार दिवसांचे बोंबील टांगलेले होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून केलेल्या जोड्या, ओळीने, वारा आला की सगळ्या एकदम हलणाऱ्या. केसर आणि तिची सून ऋतिका एकेक जोडी सोडवू लागल्या. अर्धवट सुकलेला बोंबील घाईत काढला की मानेशी तुटतो. पहिली काही मिनिटं केसर जपून काढत होती. मग तिने मुठीने ओढायला सुरुवात केली.

वलांडीखाली, काठावरच्या काळ्या दगडापासून तेहेतीस पावलांवर, तिचं खळं होतं. जवळा पसरायची जमीन. सासू असेपर्यंत ते शेणाने सारवलेलं असायचं. पावसाळ्यात उधाणाचं पाणी येऊन ते धुऊन न्यायचं आणि दसऱ्याला पुन्हा सारवायचं. वादळानंतर केसरने तिथे सिमेंट ओतलं होतं आणि कोपऱ्यात चार खांबांवर पत्रा टाकला होता.

“सुकवायला बंदी नाही काकी,” तलाठी समजावणीच्या सुरात म्हणाला. “सिमेंटला आहे. पत्र्याला आहे. भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटरच्या आत नवं पक्कं काही चालत नाही. तक्रार आली की मला यावंच लागतं.”

“तक्रार कोनाची, ता तरी सांग.”

तलाठ्याने सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती. मागे ‘सागरमोती’ रिसॉर्टच्या गॅलरीत परेश उभा होता. हातात चहाचा कप. उरणकडचा माणूस, पाच ट्रकांचा मालक. चार वर्षांपूर्वी त्याने शेवरे बंदरातलं केवड्याचं बन विकत घेतलं, तोडलं आणि तिथे बारा खोल्या बांधल्या. त्याच्या पाहुण्यांना बोंबलाचा वास यायचा. वासाविरुद्ध कायदा नाही. सिमेंटविरुद्ध आहे.

“आन् त्यो?” केसरने गॅलरीकडे हात केला.

“ते रेषेपासून बावन्न मीटरवर आहे. मोजलंय.”

“कुठनं मोजलंय?”

“त्या दगडापासून. नकाशात तोच दगड आहे ना.”

केसरने वर केलेला हात खाली घेतला. ऋतिकाने वळून पाहिलं. वलांडीवर अजून निम्मे बोंबील होते, पण केसर बाजूला झाली आणि चालवणाऱ्याला म्हणाली, “घे.”

पहिल्या धडकेत बांबू पडले. दुसरीत पत्रा. सिमेंटला वेळ लागला. परेशने चहा संपवला आणि कप कठड्यावर ठेवला.

शून्य

शेवरे बंदरात समुद्राला हद्द घालून देण्याची रीत होती. ते काम केसरच्या सासरच्या घराकडे होतं.

श्रावणातलं सगळ्यात मोठं उधाण ज्या दिवशी येई, त्या दिवशी घरची सवाशीण अंघोळ करून किनाऱ्यावर जाई. शेवटच्या लाटेचा फेस जिथे थांबला तिथे हातभर खड्डा खणी, हातातली एक हिरवी बांगडी काढून त्यात पुरी आणि वर काळा दगड ठेवी. वरवंट्याहून थोडा मोठा दगड. त्याला हळदकुंकू लावून म्हणायचं, “हितवर तुजं, हितनं आमचं.” त्याला मेरेचा दगड म्हणत. पुरुषाने त्याला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी नवं उधाण, नवी जागा, नवी बांगडी. दगड तोच.

केसरच्या सासूने, बायजाने, तीस वर्षं तो ठेवला. मग केसरने. दगड दर दोन-तीन वर्षांनी घराच्या दिशेने एखाददुसरं पाऊल सरकायचा. बायजा म्हणायची, “ता आपली जागा मागतंय. देऊया. भांडायचं न्हाय.”

वादळाच्या आदल्या वर्षी सरकारी माणसं नकाशा करायला येणार असं कळलं. कोळीवाडा उंचावर, कातळावर होता. त्याला भीती नव्हती. खालच्या वाळूवर एकच घर होतं, मेरेचा दगड सांभाळणाऱ्यांचं. आणि त्याच्या शेजारी केवड्याचं बन.

“पन्नास मीटरच्या आत आलो तर वीटसुदा लावू द्यायचे न्हायत,” केसरचा नवरा सदा म्हणाला. घर कुडाचं होतं, मागची भिंत कललेली. त्याने दगडापासून दारापर्यंत पावलं टाकली. परत टाकली. मग समुद्राच्या दिशेने चालत गेला आणि एका जागी उभा राहिला. नुसता उभा राहिला.

दुपारची वेळ होती. होड्या वर ओढलेल्या, माणसं जेवून आडवी झालेली. केसरने चुंबळ केली, दगड डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. एक्केचाळीस पावलं. सदा बाजूला झाला, तिथे तिने दगड ठेवला.

बांगडी पुरली नाही. खोट्या जागेला बांगडी देववेना.

चार दिवसांनी माणसं आली. फाल्गुनातला कोरडा समुद्र, पाणी दूर. त्यांनी विचारलं, मोठं उधाण कुठवर येतं? वाडीच्या पाटलाने विश्वासाने दगड दाखवला. त्यांनी यंत्र लावलं, दगडावर लाल रंगाने आकडा टाकला, भोवती सिमेंटचं कडं केलं आणि सांगितलं, हा आता हलवायचा नाही.

अशी रीत बंद पडली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वादळ आलं. कुडाचं घर गेलं. भरपाईतून स्लॅबचं घर उभं राहिलं, कारण नकाशात ते रेषेपासून चौपन्न मीटरवर होतं. त्या हिवाळ्यात सदा तापाने गेला. त्यानंतर वर्षभराने परेश आला. त्यानेही नकाशा पाहिला. केवड्याचं बन बावन्न मीटरवर होतं.

परेशला जमीन केसरनेच दिली होती. डोक्यावरून वाहून.

सत्त्याऐंशी

दगडापासून रिसॉर्टच्या भिंतीपर्यंत केसरची सत्त्याऐंशी पावलं होती. खळं पाडल्यावर ती रोज एकदा तिथपर्यंत चालत जाऊ लागली.

बदला, पहिला. तुटलेले, आंबलेले बोंबील तिने चार पाट्या भरून समुद्राच्या बाजूला वाळूत पुरले. फार खोल नाही. दुपारी वारा समुद्रावरून येतो. शनिवारी आलेली तीन कुटुंबं रविवारी सकाळी नाश्ता न करता गेली. परेशच्या माणसांना वासाची जागा सापडायला नऊ दिवस लागले.

बदला, दुसरा. ती रोज पहाटे माशांची डोकी रिसॉर्टच्या खिडक्यांखाली टाकायची. शेवऱ्यातली सगळी कुत्री तिथे हजर. मालकीहक्कावरून त्यांची भांडणं व्हायची. एका पाहुण्याने फोनवर रेकॉर्ड करून परेशला ऐकवलं म्हणे.

बदला, तिसरा. पुण्याच्या एका म्हातारीने तिला कौतुकाने विचारलं, “इथे आधी काय होतं हो?” केसर म्हणाली, “केवडा. जागेवाल्याचा, रातचं जागा राखतो त्याचा. तोडू नको म्हनून लोकांनी लय सांगितलं. आता तुमची खोली कंची?” म्हातारीने सांगितलं. केसरने नुसतं “हां” म्हटलं आणि पाटी उचलली. म्हातारी त्या संध्याकाळीच गाडीत जाऊन बसली. तिच्यामागून सामान आलं, सामानामागून चडफडणारा जावई.

प्रत्येक बदल्यानंतर केसरला दोन रात्री बरी झोप लागायची. तिसऱ्या रात्री पुन्हा बांबू मोडल्याचा आवाज. आणि कप कठड्यावर ठेवल्याचा. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी यायचा.

“आये, पुरे आता,” मुलगा म्हणाला. प्रीतम रिसॉर्टच्या पाहुण्यांना होडीतून फिरवून आणायचा. “शेठला माहीत हाय कुत्री कोन जमवतंय. माजी नोकरी जाईल.”

“तुजी नोकरी व्हय? माजं खळं गेलं त्याचं काय?”

“बोर्लीला जागा बघू सुकवायला.”

“बोर्लीला समुद्र हाय?”

प्रीतमने कपाळाला हात लावला. ऋतिका हसली, मग नवऱ्याचा चेहरा पाहून थांबली.

नव्वद

कार्तिकात परेश स्वतः तिच्या दारात आला. दगडापासून नव्वद पावलं. बरोबर इलायची केळ्यांचा घड, सदाच्या फोटोला हार. हार त्याने स्वतः घातला.

“मावशे, बस ना. तुझ्याशीच बोलायचाय.”

“मी उभीच बरी.”

“राग हाय ना? धर. मी असतो तर मी पन धरला असता.” तो ओट्यावर बसला. “सरल सांगतो. मला पुढं स्विमिंग पूल करायचाय. त्याच्यासाठी नवीन मोजनी लागते. मोठी मॅडम येनार, जागेवर. दगड खरा का खोटा, कवापासून हाय, ह्याच्यावर तुझा जबाब पायजे. पाटील बोलला, दगडावर तुझ्या घराशिवाय कोनाचा शब्द चालत नाय.”

“मंग?”

“मंग काय. तू बोल, ह्यो दगड आमचे परंपरेचा. बास. मी तुला मागच्या अंगाला खला करून देतो. बांबूचा, कायद्यातला. प्रीतमला म्यानेजर करतो. ह्या घराला पन कवा नोटीस येनार नाय, जबाबदारी माझी.”

केसर त्याच्याकडे पाहत राहिली.

“तुला वाटत असेल, शेठ लोक असेच,” परेश म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. “माझे बापाचा मिठागर व्हता, मावशे. मी लहान असताना सायेब आले, फीत टाकली, बोलले, हितं आता शहर होनार. बाप फितीच्या मागं मागं पलत व्हता. बोलत व्हता, सायेब, भरतीचं पानी हितवर येतं, हितं बांधू नका. कोनी ऐकला नाय. तवा मी एकच शिकलो. मोजनारा यायच्या आधी आपन तयार पायजे.”

ते खरं होतं हे केसरला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तिने स्वतःही तेच केलं होतं. क्षणभर तिला त्याला पाणी विचारावंसं वाटलं.

“माजे बोंबील टांगलेले व्हते, तवा तू चहा पीत व्हतास,” ती म्हणाली.

“काय?”

“काय न्हाय. कधी येनार मॅडम?”

“बुधवारी. बोलशील ना?”

“खरं ता बोलीन.”

परेशने हात जोडले. जाताना सदाच्या फोटोलाही जोडले. घड तिथेच राहिला. केसरने तो शेजारच्या गाईला घातला, सालांसकट.

एकोणपन्नास

मंगळवारी दुपारी ऋतिका मुलीला झोपवून बाहेर आली, तर सासू वाळूत चालत होती. सिमेंटच्या कड्यातल्या दगडाकडून घराकडे. ओठ हलत होते. एका जागी, परेशने पाहुण्यांसाठी लावलेल्या निळ्या छत्रीजवळ, ती थांबली. मग तिथून पुन्हा एकपासून मोजत दारापर्यंत आली.

“किती झाली?” ऋतिकाने विचारलं.

“एकोनपन्नास.”

“काय मोजतायसा आये?”

केसर ओट्यावर बसली. तिने पदराने तोंड पुसलं आणि सांगून टाकलं. दुपार, चुंबळ, एक्केचाळीस पावलं. सदा कुठे उभा राहिला होता ते. सहा वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

ऋतिकाने सरकारी माणसासारखा साधा प्रश्न विचारला. “पन्नास मीटर म्हंजे तुमची किती पावलं?”

“त्र्याऐंशी.”

“आन् खऱ्या जागेपासनं आपलं घर एकोनपन्नासवर.”

“व्हय.”

“त्याचं?”

“सेहेचाळीस.”

“म्हंजे त्याचं जाईल. आन् मंग आपलं.”

“कोळ्यांच्या घरांना सूट हाय म्हनतात.”

“जुन्या घरांना हाय आये. आपलं वादळानंतरचं. कागद बी त्याच नकाशावरचा.” ऋतिका बारावी शिकलेली होती, घरातले कागद तीच ठेवायची. “तुमी बोलू नका उद्या. दगड खरा म्हना. पूल बांधू दे त्याला. पोरगी हाय माजी.”

आतून मुलगी रडली. ऋतिका उठली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, “तुमी माज्याकडनं दरवर्षी एक बांगडी मागायच्या. श्रावणात. नवस हाय म्हनायच्या.”

“व्हय.”

“कुटं जायची?”

केसरने निळ्या छत्रीकडे पाहिलं. ऋतिकाने पाहिलं की सासूने तिकडे पाहिलं. ती आत गेली.

एक्केचाळीस

मॅडमचं नाव मनाली होतं. तिशीची, उन्हाने रापलेली, टोपी घातलेली. तिने तीन पायांचं यंत्र दगडाजवळ उभं केलं होतं. परेश, तलाठी, पाटील, प्रीतम आणि वाडीतले पंधरा-वीस लोक अर्धवर्तुळात. ऋतिका मागे, मुलीला कडेवर घेऊन.

“हा दगड इथे कधीपासून आहे?” मनालीने विचारलं.

“सात वर्सं व्हतील आता फाल्गुनात,” केसर म्हणाली.

परेश हसला. “घाबरली ती, मॅडम. मावशे, परंपरेचा हाय ना दगड?”

“दगड परंपरेचा हाय. जागा न्हाय. जागा माजी हाय. मीच आनून ठेवला हितं.”

वाडीतलं कुणीतरी “आगं बाय” म्हणालं. पाटलाने डोळे मिटले. प्रीतम आईकडे असा पाहू लागला की जणू ती त्याच्या होडीला भोक पाडतेय.

मनालीने पेन खाली घेतलं. “आजी, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? आणि नुसत्या तुमच्या बोलण्यावर रेषा हलत नाही. काही पुरावा आहे?”

“हाय. मोजा माज्या मागनं.”

ती चालू लागली. सगळे मागे. निळ्या छत्रीखाली ती थांबली, छत्री दोन्ही हातांनी उपटली आणि बाजूला टाकली. “हितं खना. हातभर.”

तलाठ्यानेच फावडं घेतलं. वाळूतून हिरवी काच निघाली. दोन पावलांवर आणखी एक. पाऊलभर डावीकडे आणखी. सगळी पुरलेली एकाच खोलीवर. काही तुटलेल्या, दोन अख्ख्या.

“मोठं उधान जितं थांबतं तितं बांगडी जाते,” केसर म्हणाली. “दगडाला तुमी कडं घातलंत. बांगडीला घातलं न्हाय. ही माजी, वादळाच्या वर्साची. नवरा व्हता तवाची. मंगच्या पाच सुनंच्या. त्या सरकारी दगडाखाली खनून बघा. काय मिळायचं न्हाय.”

“काय मॅडम, काचेच्या बांगड्या तर पानी पन आनतं,” परेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “कालच पुरल्या असतील हिनं! म्हातारी सूडावर हाय. माझे पाहुने पलवते, कुत्री जमवते, विचारा कोनाला पन!”

मनालीने अख्खी बांगडी हातात घेतली, वाळू झटकली. हिरव्या काचेवर सोनेरी ठिपके होते आणि मध्ये एकेक गुलाबी फूल. “ही तुमच्या सुनेची? कोण सून?”

सगळे वळले.

ऋतिका बांगडीकडे पाहत होती. तिच्या डोहाळजेवणाला बोर्ली पंचतनच्या बाजारातून आणलेला चुडा. तसा बोर्लीत पुन्हा आला नव्हता. तिने सासूकडे पाहिलं. केसर तिच्याकडे पाहत नव्हती. तिने मान समुद्राकडे केली होती.

“ऋतिका,” प्रीतम हळू म्हणाला, “तुला काय माहीत न्हाय. सांग तसं.”

ऋतिकाने मुलगी त्याच्या हातात दिली आणि घराकडे चालायला लागली. एकोणपन्नास पावलं. दार उघडलं, आत गेली. दार लागलं.

परेशने कपाळ पुसलं. मनालीने घड्याळ पाहिलं. वाळूत उभे असलेले लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. केसरला वाटलं, नाही आली तरी तिची चूक नाही.

दार उघडलं. ऋतिका परत आली. तिच्या हातात बांगड्यांचा पुठ्ठ्याचा डबा होता. तिने तो मनालीपुढे धरून उघडला.

“अकरा हायत,” ती म्हणाली. “डझनातली एक कमी. तीन वर्सांमागं श्रावनात दिली. माजीच हाय.”

मनालीने हातातली बांगडी डब्यात ठेवली. ठिपका ठिपक्याशी, फूल फुलाशी.

पंचनामा

आम्ही पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे शेवरे येथील किनाऱ्यावर नकाशात दर्शविलेली खूण मूळ जागेवर नसल्याचे सदर खूण सांभाळणाऱ्या घरातील महिलेने स्वखुशीने सांगितले. तिने दाखविलेल्या जागी उत्खनन केले असता काचेच्या बांगड्या मिळून आल्या. नकाशातील खुणेखाली उत्खनन केले असता काहीही मिळून आले नाही. किनाऱ्यावरील वाळूचा उंचवटा व झुडपांची कड यांवरूनही सदर जागेस दुजोरा मिळतो. जबाब देणाऱ्या महिलेस, सदर रेषा धरल्यास तिचे स्वतःचे राहते घर बाधित होते, याची समज देण्यात आली. तिने समजले असे सांगितले.

अंगठा नको म्हणाली. सही केली.

सेहेचाळीस

दोन्ही नोटिसा एकाच दिवशी आल्या, एकाच पोस्टमनच्या हाती. एक गॅलरीवाल्या घराला, एक ओट्याच्या.

परेशने वकील केला, मोठ्या कचेऱ्यांत खेटे घातले. मे महिन्यात तेही संपलं. प्रीतम दोन महिने आईशी बोलला नाही. मग बोर्लीला भाड्याची खोली बघून आला आणि म्हणाला, “न्हानीघर सामायिक हाय,” एवढंच. ऋतिकाने भांडी बांधायला घेतली. तिने सासूला कधीच काही म्हटलं नाही. तेच केसरला जड जात होतं.

जेसीबी तोच होता. म्हसळ्याचाच माणूस, तोच रुमाल. त्याने खाली वाकून विचारलं, “काकी, आधी कुठलं?”

“आधी त्याचं,” केसर म्हणाली.

तिने ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची वाळूत नेऊन ठेवली. ऋतिकाकडून चहा मागून घेतला, कपात. घरात ते नेहमी स्टीलच्या पेल्यातून प्यायचे, कप पाहुण्यांचे. कप घेऊन ती खुर्चीत बसली.

गॅलरी आधी गेली. मग पायऱ्या, मग बारा खोल्यांच्या बारा खिडक्या. धूळ समुद्राकडून आलेल्या वाऱ्याने मागे कोळीवाड्यावर गेली. परेश गाडीला टेकून उभा होता. सहा महिन्यांत त्याचे केस बरेच पांढरे झाले होते. पडझड थांबल्यावर तो तिच्याकडे चालत आला.

“मावशे, आता तुझं पन जानार.”

“व्हय.”

“मंग तुला काय मिलालं?”

“तुजं गेलं,” केसर म्हणाली.

तो ढिगाऱ्याकडे न पाहता गाडीत बसला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत केसर पाहत राहिली. ज्याची तिने वर्षभर वाट पाहिली ते हेच होतं, आणि ते गोड होतं. नाही म्हणायचं कारण नव्हतं. मग तिने हातातल्या कपाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती. एक घोटही घेतलेला नव्हता. तिने तो वाळूत ओतला.

जेसीबी वळला. घराची दारं, खिडक्या, सदाचा फोटो, सगळं टेम्पोत गेलं होतं. प्रीतम मुलीला घेऊन पुढे बसला होता.

“काकी, आत काय राहिलंय का?” चालवणाऱ्याने विचारलं. “अर्धा तास थांबतो. मला घाई नाय.”

“थांब जरा.”

केसर आत गेली. भिंतीला टेकलेला झाडू तिने मुद्दाम ठेवला होता. आतल्या खोलीपासून सुरुवात करून तिने सगळं घर झाडलं. कोपरे झाडले. सदाचा सदरा ज्या खिळ्याला असायचा त्याच्याखालचं जाळं काढलं. दार नसलेल्या उंबऱ्यातून केर बाहेर काढला, सुपलीत भरला. ऋतिका ओट्याखाली उभी होती. तिने पुढे होऊन सुपली घेतली. तिच्या हातात त्या चुड्यातल्या अकरा बांगड्या होत्या, सहा आणि पाच.

केसर बाहेर आली, झाडू काखेत धरून बाजूला झाली.

“हां,” ती म्हणाली. “आता घे.”